आपलाच पत्ता

१

सकाळी लोकांनी ब्लॉग उघडला, तर पहिल्याच पानावर माफी.

‘रंगाच्या कारखान्याचं घाण पाणी ओढ्यात सोडलं जातं, ही आमची बातमी खोटी होती. आमच्याकडे पुरावे नव्हते. आम्ही कारखान्याची मनापासून माफी मागतो.’ एवढंच. आणि खाली बारीक अक्षरात, माफी कुणाच्या खात्यातून टाकली ते: मुद्रितशोधक.

म्हणजे काकू.

ज्या बातमीसाठी ऑफिसातल्या प्रत्येकाने ओढ्याच्या काठाने चपला झिजवल्या, ती चार ओळींत पाण्यात गेली होती. खाली कमेंटांचा पाऊस. ‘किती घेतले?’ हा त्यातला सगळ्यात सभ्य प्रश्न.

मिस्त्री जिना चढून वर आला तोवर बाईंनी माफी काढून टाकली होती आणि तिच्या जागी स्वतःचं निवेदन लावलं होतं. ‘सदर माफीनामा आमच्या मुद्रितशोधकांनी परस्पर प्रसिद्ध केला. त्यांना कामावरून थांबवण्यात आलं आहे.’ बाई म्हणजे संपादक. हे पूर्वी छापील साप्ताहिक होतं, कागद परवडेना म्हणून त्याचा ब्लॉग झाला, पण बाईंचा आवाज अजून छापखान्यातलाच होता. यंत्राच्या वरचढ.

मिस्त्री म्हणजे त्या ब्लॉगचं सॉफ्टवेअर दुरुस्त करणारा. बिघडलं की त्याला बोलवायचं, नीट चाललं की विसरून जायचं. तो नोकर नव्हता आणि पाहुणाही नव्हता. त्यामुळे त्याला धड खुर्चीही मिळायची नाही.

“मिस्त्री, मला एकच सांगा,” बाई म्हणाल्या. “हे काकूंच्या पासवर्डनेच झालं ना?”

“हो.”

“मग मिटलं.”

“बाई, पासवर्ड काकूंचा होता. बोटं काकूंची होती असं मी कुठे म्हणालो?”

“शब्दात पकडू नका मला. त्यांचा सख्खा भाचा त्या कारखान्यात आहे. आणखी काय हवंय?” बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “संध्याकाळी सगळ्यांना बसवते. तोवर दुसरं काही सापडलं तर बोला. नाहीतर काकूंनी चावी ठेवायची आणि जायचं.”

काकू दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आतलं सगळं त्यांना ऐकू येत होतंच.

“चावी मी आत्ता ठेवते,” त्या तिथूनच म्हणाल्या. “पण त्या मशीनने मला दोनदा का विचारलं, तेवढं आधी सांगा.”

मिस्त्री वळला. “काय दोनदा विचारलं?”

२

तो त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला. नुकत्याच दिलेल्या रंगाचा वास अजून भिंतीला होता, त्यामुळे दोघंही अंग चोरून बसले.

“परवा एक मेल आला,” काकू म्हणाल्या. “तपासायला नवीन लेख आलाय, इथे क्लिक करा. मी हजेरी घेतली.”

हजेरी ही या ऑफिसातली पद्धत. मागे कुणीतरी भलत्याच लिंकवर गेलं होतं, तेव्हापासून बाईंनी कायदा काढला: कुठलीही लिंक उघडायच्या आधी तिचा पत्ता मोठ्याने वाचायचा, पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत. शेजारी बसलेल्याने ऐकायचा आणि म्हणायचं, ‘आपलाच’. मगच बोट लावायचं. बाहेरच्यांना हसू यायचं, पण इथे शिंकलं तरी कुणीतरी ‘आपलाच’ म्हणायचं, इतकी ती सवय मुरली होती.

“छब्या शेजारी होता. मी वाचलं, तो म्हणाला आपलाच. मग लॉगिनचं पान आलं, मी पासवर्ड टाकला. तर परत तेच पान. वर लाल अक्षरात, पासवर्ड चुकला.”

“होतं असं कधीकधी. एखादं अक्षर इकडचं तिकडे...”

काकूंनी त्याच्याकडे रोखून बघितलं.

“उभा जन्म लोकांच्या चुका काढण्यात गेला माझा. मी माझा पासवर्ड चुकेन? एकेक अक्षर बघून टाकते मी. पण मशीनशी कोण भांडणार? परत टाकला. मग गेले आत, ‘तपासायचे लेख’ या माझ्या पानावर. तिथे नवीन लेखबिख काही नव्हता.”

“तो मेल बघू.”

“पुसला.”

“कचरापेटीत असेल.”

“तीही रिकामी केली. बाईंचा नियम आहे ना, संध्याकाळी सगळं पुसून घरी जायचं. तो ब्राउझरसुद्धा बंद केला की सगळं विसरतो. रोज सकाळी आपली नव्याने ओळख सांगायची.”

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. चोर पकडायचा तर काहीतरी खूण लागते, आणि इथे चोराच्या मागे बाईंनी स्वतःच झाडू मारून ठेवला होता. ब्लॉगच्या नोंदींचंही तेच. स्वस्तातली जागा भाड्याने घेतलेली, रोजच्या नोंदी दुसऱ्या दिवशी साफ. आजच्या नोंदीत एवढंच होतं की माफी कुठल्याशा मोबाईलवरून टाकली गेली. मोबाईल काय, जगाकडे आहे.

“काकू, भाच्याचं काय?”

त्यांनी जिन्याखाली बघितलं. खाली सायकलवाला कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता.

“ओढ्याची बातमी पहिल्यांदा मला त्यानेच सांगितली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्या पाण्याने हाताला फोड आलेत पोराच्या. हे मी आत जाऊन ओरडून सांगितलं ना, तर मी सुटेन. आणि त्याची नोकरी जाईल. तुम्ही पण सांगायचं नाही.”

“मग तुम्ही सुटणार कशा?”

“ते तुमचं काम,” काकू म्हणाल्या. “मी कशाला मध्ये पडू?”

३

छब्या फोटो काढायचा आणि उरलेल्या वेळात रुसायचा. ओढ्याच्या बातमीतला मुख्य फोटो त्याचा होता, पण खाली नाव टाकायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून तो ऑफिसात पाहुण्यासारखा वागत होता. मिस्त्रीला बघितल्यावर त्याचा पारा आणखी चढला.

“आलात? बरं झालं. तुमचं हे सॉफ्टवेअर एकदाचं ओढ्यात टाका.”

“परवा काकूंनी हजेरी घेतली तेव्हा तू होतास?”

“होतो. आपलाच पत्ता होता. मी स्वतः ऐकला, वाकून बघितलासुद्धा. पुढे लांबलचक शेपूट होतं, अक्षरं, टक्क्याच्या खुणा, नेहमीचा कचरा. शेपूट कोण वाचतं? नियम पहिल्या रेघेपर्यंतचा आहे.”

“आणि मग?”

“मग काय? माझं ऐका आधी. सोमवारी मी लॉगिनच्या पानावर नवीन फोटो लावला. दर सोमवारी लावतो. चौकातला पुतळा, सकाळचं ऊन, काय फोटो होता तो. फक्त कोपऱ्यात एक कुत्रा पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी तंगडी वर करून. माझ्या लक्षात नाही आलं.”

मिस्त्रीला एवढ्या वैतागातही हसू आलं.

“हसा. दुपारच्या आत बाईंचा फोन. काढ म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता. त्या दिवशी इथे रंगकाम होतं, ऑफिस बंद, मी घरूनच कुत्रा कापून फोटो परत लावला. आठवडा होत आला त्याला. आणि तरी तुमचं यंत्र अजून तोच कुत्रा दाखवतं. काकूंना म्हणालो पण मी परवा, बघा, आला परत. एक फोटो धड बदलता येत नाही आणि लोकांकडून महिन्याचे महिने...”

“ते कॅशे असतं रे,” मिस्त्री म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही निघालं असतं. “ब्राउझर जुनं चित्र साठवून ठेवतो. सॉफ्टवेअरचा दोष नाही तो.”

“तुमच्यात कधीच दोष नसतो.”

“तुझं खातं कोणाकोणाला माहीत आहे?”

“म्हणजे आता मी चोर?” छब्याने कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. “नाव टाकायला कुणाला आठवत नाही. चोरी झाली की बरोबर आठवण येते.”

आणि तो धाडधाड जिना उतरून गेला. काकूंना वळसा घालून, जाताजाता त्यांच्या खांद्याला हात लावून.

४

काचेच्या छोट्या खोलीत जावईबापू बसायचे. बाईंचे सख्खे जावई, आणि ब्लॉगच्या जाहिराती तेच बघायचे. ऑफिसात सगळे त्यांना जावईबापूच म्हणायचे. बाई प्रेमाने, बाकीचे नाइलाजाने. एअर कंडिशनर फक्त त्यांच्या खोलीत होता.

“बसा मिस्त्री, बसा. वाईट झालं काकूंचं. मला त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. भाचा आहे तिथे, रक्ताचं नातं, माणूस घसरतो. आपण कोण बोलणारे?”

एक अक्षर न बोलता बरंच बोलून झालं होतं.

“मी ते नवीन व्हर्जन टाकू द्या म्हणून मागे लागलो होतो,” मिस्त्री म्हणाला. “जुन्यात एक भोक आहे. दर वेळी तुम्ही अडवलंत.”

“अडवलं नाही हो. विनंती केली. नवीन व्हर्जनमध्ये आमची उडी बंद पडते.”

उडी म्हणजे जावईबापूंची जाहिरातीची युक्ती. जाहिरातीची लिंक सुरू व्हायची ब्लॉगच्या पत्त्याने, आणि तिच्या शेपटीत असायचा दुकानाचा पत्ता. वाचक आधी ब्लॉगच्या दारात यायचा, तिथे त्याची मोजणी व्हायची, मग ब्लॉगच त्याला उचलून दुकानात पाठवायचा. शेपटीत जो पत्ता असेल तिथे. हे दार कुणालाही विचारत नव्हतं, कुठे चाललास बाबा.

“ते भोक तेच आहे,” मिस्त्री म्हणाला. “शेपटीत दुकानाच्या जागी चोराचा पत्ता घातला तरी ब्लॉग तिथे पाठवणार. आणि सगळ्यांना वाटणार, पत्ता आपलाच.”

“ते तुमचं तांत्रिक झालं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.” जावईबापूंनी हात जोडले. “माझं तर खातंसुद्धा नाही. जाहिरातीचा मजकूर मी मेलने पाठवतो, काकू तपासून लावतात, आणि ‘तपासायचे लेख’ची लिंक मला पाठवतात, झालं म्हणून. तुमचं लॉगिनचं पान लाल आहे की निळं, ते मी जन्मात बघितलेलं नाही.”

“कारखान्याची जाहिरात येते का आपल्याकडे?”

“आपण त्यांना शिव्या घालणार आणि ते आपल्याला जाहिरात देणार? काय राव.” ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, “मिस्त्री, एक सांगू? सासूबाईंनी ठरवलंय. उगाच संध्याकाळपर्यंत ताणू नका. काकूंचाच त्रास वाढतोय.”

मिस्त्री बाहेर आला. काचेतून आलेल्या गारव्यानंतर बाहेरचा उकाडा तोंडावर बसला. काकू अजून तिथेच. डबा उघडला होता, पण खात नव्हत्या.

५

त्याने काकूंच्या मशीनवर प्रयोग करून बघितला. लॉगिनच्या लिंकलाही तसंच शेपूट असतं: लॉगिन झाल्यावर माणसाला कुठे न्यायचं ते. त्याने शेपटीत हवामान खात्याच्या पानाचा पत्ता घातला आणि स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं. ब्लॉगने पासवर्ड तपासला, अदबीने आत घेतलं आणि मागच्या दाराने सरळ हवामानाच्या पानावर नेऊन सोडलं. उद्या आकाश निरभ्र.

तो बाईंकडे धावला.

“म्हणजे असं होऊ शकतं,” बाई शांतपणे म्हणाल्या. “झालं असं नाही ना? मेल आहे?”

“नाही.”

“ते खोटं पान आहे कुठे?”

“काढून टाकलं असणार.”

“मिस्त्री, मी पण उभा जन्म बातम्या केल्या. ‘असणार’वर मी एक ओळ छापलेली नाही.” त्यांचा आवाज जरा खाली आला. “मला काय हौस आहे? काकू आणि मी एका दिवशी लागलो कामाला. पण बातमी खोटी पाडली कुणीतरी, आणि लोक विचारतायत कोणी. मी नाव नको सांगू?”

मिस्त्री परत काकूंच्या टेबलाशी येऊन बसला आणि रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला. एकच गोष्ट हातात होती. दुसऱ्यांदा पासवर्ड टाकल्यावर काकू ‘तपासायचे लेख’वर पोचल्या. बाहेरच्या चोराला ते पान असतं हेच ठाऊक नसणार, तो बिचारा पहिल्या पानावर सोडून देईल. म्हणजे चोर घरचा. पण घरचे म्हणजे चारच माणसं, त्यातल्या एकीवर आळ, आणि बाकीच्यांवर बोट ठेवायला तसूभर जागा नाही.

सगळे रस्ते बंद. निदान छब्याची कटकट तरी मिटवू, नाहीतर तो आणखी महिनाभर कुत्र्यावरून डोकं खाईल, म्हणून त्याने काकूंच्या ब्राउझरचा कॅशे साफ करायला घेतला. साफ करायचं बटण दाबलं.

साफ करण्यासारखं काही नाही, ब्राउझर म्हणाला.

अर्थात नव्हतं. बाईंचा नियम. रोज संध्याकाळी हे मशीन सगळं विसरतं.

मिस्त्रीचा हात माऊसवरच राहिला. जे मशीन रोज सगळं विसरतं, त्याला सोमवारचा कुत्रा आठवला कसा?

तो दारापर्यंत जवळजवळ पळत गेला.

“काकू, नीट आठवून सांगा. छब्या म्हणाला ना, कुत्रा परत आला. ते पहिल्या वेळी की दुसऱ्या?”

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. “दुसऱ्या. पहिल्या पानावर नुसता पुतळा होता. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुत्रा. मला वाटलं, मशीनचं डोकं फिरलं.”

“मशीनचं नाही फिरलं, काकू,” मिस्त्री म्हणाला. “माझं फिरलं होतं. सकाळपासून.”

६

संध्याकाळी सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. बाई मध्ये. जावईबापू त्यांच्या उजव्या हाताला, मोबाईल चाळत. छब्या खिडकीत. काकूंना खुर्ची दिली होती, त्या तिच्या कडेवर बसल्या होत्या, आणि पिशवी अजून मांडीवर.

“बोला,” बाई म्हणाल्या.

“बाई, समजा तुम्ही आपल्याच ऑफिसात आलात. दार आपलंच. दारवानही आपलाच. त्याने तुम्हाला ओळखलं, आत घेतलं. आणि मग तुमच्या हातातल्या चिठ्ठीवर जो पत्ता लिहिलाय तिथे तुमचा हात धरून घेऊन गेला. मागच्या दाराने, गल्लीपलीकडच्या एका खोलीत. ती खोली हुबेहूब आपल्या ऑफिससारखी सजवलेली. तिथला माणूस म्हणाला, तुमची ओळख पटली नाही, परत सांगा. तुम्ही सांगितली. त्याने ती लिहून घेतली आणि तुम्हाला परत आपल्या खुर्चीत आणून बसवलं. काकूंचं हे झालं. त्यांनी नियम पाळला म्हणूनच झालं. हजेरी दाराची घेतली, चिठ्ठीची नाही.”

“हे दुपारीच ऐकलं,” बाई म्हणाल्या. “पुरावा?”

“ती सजवलेली खोली. चोराने आपल्या लॉगिनच्या पानाची नक्कल केली. नक्कल म्हणजे फोटो काढण्यासारखं, ज्या क्षणी काढली त्या क्षणाचं सगळं तिच्यात अडकतं. काकूंना पहिलं पान दिसलं त्यावर नुसता पुतळा होता. ते खरं पान. दुसऱ्या पानावर कुत्रा होता. ती नक्कल. छब्याने स्वतः बघितलाय.”

“आणि तुम्ही म्हणालात कॅशे,” छब्या म्हणाला.

“म्हणालो. चुकलो. त्या मशीनमध्ये कॅशे राहतच नाही. पण तुझ्या त्या ओरडण्यानेच तू सुटलास. नक्कल तुझी असती, तर त्यातला कुत्रा तूच मोठ्याने दाखवला नसतास.”

छब्याला राग यावा की बरं वाटावं ते कळेना. तो परत खिडकीबाहेर बघायला लागला.

“आता बघा. कुत्रा त्या पानावर होता फक्त सोमवारी, सकाळी लावला तेव्हापासून बाईंनी फोन करेपर्यंत. ऑफिसला रंग लागत होता, इथे चिटपाखरू नव्हतं. काकूंकडे घरी कॉम्प्युटर नाही. म्हणून माझा एकच प्रश्न आहे.” मिस्त्री बाईंकडे वळला. “तुम्ही घरून कधी लॉगिन करत नाही. मग कुत्रा तुम्हाला कळला कसा?”

“मला कळला म्हणजे... लेकीचा फोन आला मला. हसत होती. म्हणाली, आई, तुमच्या लॉगिनच्या पानावर कुत्रा काय करतोय बघ, मी आत्ता यांच्या लॅपटॉपवर...”

बाई तिथेच थांबल्या.

जावईबापूंचा अंगठा मोबाईलवर जिथल्या तिथे राहिला होता. लेकीने फोन केल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. फोटो बदलला गेला, हेही.

“असेल,” ते म्हणाले. “सहज उघडलं असेल मी. त्यात काय?”

“सकाळी तुम्ही म्हणालात, ते पान लाल की निळं ते जन्मात बघितलेलं नाही.”

“मिस्त्री, तुम्ही पायरी ओळखून बोला.”

“ते बोलतायत पायरीनेच,” बाई म्हणाल्या. त्यांचा छापखान्यातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. “तुम्ही सांगा मला. सरळ सांगा.”

जावईबापूंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा काचेच्या खोलीकडे. “वर्षभराची जाहिरात देणार होते ते. वर्षभराची. सासूबाई, तुम्ही ओढे वाचवता, पण या खोल्यांचं भाडं कोण वाचवतं? एक माफी. चार ओळी. लोक दोन दिवसांत विसरले असते.”

“आणि काकू?”

“भाचा तिथे आहे. कुणालाही पटलं असतं. तुम्हाला नाही पटलं?”

हे मात्र खरं होतं, आणि म्हणून ते सगळ्यात जास्त लागलं. बाईंनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पिशवीच्या बंदाला गाठ मारली, मग सोडली.

“तुम्ही आता जा,” बाई जावयाला म्हणाल्या. “खोलीची चावी इथे ठेवा.”

७

मिस्त्रीने आधी नवीन व्हर्जन टाकलं. यावेळी कुणी विनंती केली नाही. आता दार विचारणार होतं, कुठे चाललास, आणि बाहेरचा पत्ता दिसला की जागचं हलणार नव्हतं. जाहिरातींच्या सगळ्या उड्या एका झटक्यात बंद पडल्या आणि काचेच्या खोलीतला फोन वाजायला लागला. एक दुकानदार, मग दुसरा. छब्या आत जाऊन फोन उचलत होता आणि प्रत्येकाला सांगत होता, “मिस्त्रींशी बोला, दोष त्यांचा.” मिस्त्रीला या ऑफिसात आभार म्हणून एवढंच मिळणार होतं, आणि ते अपेक्षेप्रमाणे वेळेवर मिळालं.

पलीकडे बाई नवीन निवेदन लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्या उठल्या, खुर्ची मोकळी केली आणि बाजूला उभ्या राहिल्या. काकूंनी पिशवी खिळ्याला अडकवली, रोजच्याच खिळ्याला, आणि खुर्चीत बसून वाचायला लागल्या. पेन्सिल हातात. पडद्यावर वाचतानाही त्यांना पेन्सिल लागायची.

‘माफीनामा खोटा होता. आमची बातमी खरी आहे आणि आम्ही तिच्यावर ठाम आहोत. मुद्रितशोधकांवर आम्ही घेतलेला आळ चुकीचा होता, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. आमच्याच कार्यालयातील एका व्यक्तीने त्यांचा पासवर्ड चोरून हे कृत्य केलं.’

पेन्सिल शेवटच्या ओळीवर थांबली.

“इथे अडलं,” काकू म्हणाल्या.

“काय अडलं?”

“एका व्यक्तीने म्हणजे कुणी? चौघंच तर आहोत. वाचणारा परत माझ्याकडेच बघेल, नाहीतर छब्याकडे.” त्या मान न वळवता बोलत होत्या. “सकाळी माझ्या वेळी तुम्ही असं मोघम नव्हतं लिहिलं.”

टेबलावरचा बाईंचा मोबाईल थरथरायला लागला. लेकीचा फोन. नवरा घरी पोचला असणार. बाईंनी तो पालथा घातला. तो पालथा पडूनही थरथरत राहिला, थांबला, परत सुरू झाला.

मग बाई काकूंच्या खांद्यावरून वाकल्या. ‘एका व्यक्तीने’ खोडलं आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं: ‘जाहिरात विभाग सांभाळणाऱ्या माझ्या जावयाने’.

काकूंनी ओळ पहिल्यापासून वाचली. ओठ हलवत, सावकाश, नेहमीसारखी.

“आता बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “लावा.”

आणि बाईंनी ते लावल्यावर काकूंनी थरथरणारा फोन सुलटा केला आणि त्यांच्या हातात दिला.